उष्णतेच्या वाटा

पौष महिन्यातील पहाट आहे. स्वयंपाकघरात चूल पेटली आहे आणि तिच्यावरील पातेल्यात पाणी तापत आहे. पातेल्यात राहून गेलेला पितळी डाव काढावा म्हणून घरातला मुलगा त्याच्या टोकाला हात लावतो आणि चटका बसताच तो झटकन मागे घेतो. वास्तविक डावाचे ते टोक विस्तवालाही लागलेले नव्हते आणि पाण्यालाही लागलेले नव्हते. पलीकडे ओसरीवर आजी गोधडी पांघरून बसली आहे. गोधडीत विस्तव नाही, तरी आजीला ऊब मिळते आहे. घटकाभराने अंगणात कोवळे ऊन उतरते आणि घरातली सारी मुले पाठ उन्हाकडे करून उभी राहतात. ज्या सूर्याच्या तापाने त्यांच्या पाठी शेकतात, तो सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे!

या तीनही गोष्टी आपल्या नित्याच्या पाहण्यातल्या आहेत. जे रोज दिसते त्याबद्दल ‘असे का?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु ज्यांनी तो विचारला, त्यांनी केवळ स्वतःचे कुतूहल शमवले असे नव्हे; त्यांच्या त्या प्रश्नामुळे पुढे हजारो माणसांचे प्राण वाचले. डावाच्या टोकापर्यंत उष्णता कोणत्या वाटेने आली? गोधडीने ऊब कशी दिली? आणि सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये जी अफाट पोकळी आहे, ती उष्णतेने कशी ओलांडली?

प्रथम एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तशी उष्णता आपण होऊन नेहमी अधिक तापलेल्या पदार्थाकडून कमी तापलेल्या पदार्थाकडे जाते. बर्फाचा तुकडा तळहातावर ठेवला की ‘थंडी हातात शिरली’ असे आपण म्हणतो. खरे पाहता थंडी नावाची वस्तूच नाही. हाताची उष्णता बर्फाकडे निघून जाते, म्हणून हाताला गारवा जाणवतो. दोन्ही पदार्थ सारखे उबदार झाले की हे जाणे थांबते. उष्णतेची ही दिशा ठरलेली आहे. प्रश्न आहे तो तिच्या वाटांचा.

लंडन शहरात आल्बमार्ल रस्त्यावर ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ नावाची एक विज्ञानसंस्था आहे. १७९९ साली स्थापन झालेली ही संस्था आजही त्याच जागी उभी आहे. उष्णतेच्या वाटा शोधण्याच्या कामी या एका वास्तूने जो हातभार लावला आहे, तो विलक्षण म्हटला पाहिजे. तिच्या संस्थापकांत अग्रणी होता काउंट रमफर्ड.

रमफर्डचे मूळ नाव बेंजामिन थॉम्सन. त्याचा जन्म १७५३ साली अमेरिकेत झाला. पण त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे जर्मनीतील बव्हेरिया या राज्याच्या सेवेत गेली. म्युनिक शहरातील तोफांच्या कारखान्यावर त्याची देखरेख होती. त्या काळी तोफ घडवताना पितळेचा भरीव ओंडका ओतून घेत आणि मग घोड्यांच्या बळावर फिरणाऱ्या गिरमिटाने त्याला भोक पाडीत. हे काम चालू असता ओंडका आणि निघणारा कीस हे दोन्ही विलक्षण तापतात, हे रमफर्डच्या नजरेस आले. उष्णता हा एक अदृश्य द्रव पदार्थ असून तो वस्तूंमध्ये भरलेला असतो, अशी त्या वेळच्या बहुतेक विद्वानांची समजूत होती. रमफर्डला तिचा संशय आला. त्याने मुद्दाम एक बोथट गिरमीट घेतले, ओंडक्याभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोडा फिरवण्यास सांगितले. पेटीत सुमारे साडेआठ लिटर पाणी होते. ते हळूहळू कोमट झाले, मग कढत झाले आणि अडीच तासांनी चक्क उकळू लागले! जमलेली मंडळी थक्क झाली. कारण त्या पाण्याखाली विस्तवाची ठिणगीसुद्धा नव्हती.

गिरमीट फिरत होते तोवर उष्णता निघतच होती. जो पदार्थ कधी संपत नाही तो भरून ठेवलेला द्रव असणे शक्य नाही, असा विचार करून रमफर्डने १७९८ साली आपले मत जाहीर केले : उष्णता ही वस्तू नसून गती आहे. घोड्याच्या पायांतील गती गिरमिटात आली आणि गिरमिटाच्या घर्षणाने ती पितळेच्या अगदी सूक्ष्म कणांत गेली. पुढे १८४० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमधील जेम्स ज्यूल याने अत्यंत काटेकोर प्रयोग करून, किती काम केले असता किती उष्णता निर्माण होते, याचे प्रमाणच काढून दाखवले. थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो, तेव्हा रमफर्डचा प्रयोगच लहान प्रमाणावर करीत असतो. ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप पालटते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

उष्णता म्हणजे कणांची हालचाल, हे एकदा कळले की पितळी डावाचे कोडे सुटते. गरम पाण्यात बुडालेल्या टोकाचे कण जोराने थरथरू लागतात. ते आपल्या शेजारच्या कणांना धक्के देतात, ते पुढच्यांना देतात. यात्रेच्या गर्दीत मागून आलेला रेटा जसा माणसे जागची न हलता पुढच्या टोकाला पोचतो, तशी उष्णता डावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. उष्णतेच्या या पहिल्या वाटेला वहन असे म्हणतात. तांबे, पितळ, लोखंड इत्यादी धातूंतून ही वाट सुलभ असते, म्हणून त्यांना उष्णतेचे सुवाहक म्हणतात. लाकूड, लोकर, काच, हवा यांतून ती बिकट असते; हे पदार्थ दुर्वाहक होत. तव्याला लाकडी मूठ बसवण्यामागे हेच कारण आहे.

गोधडीचे रहस्यही यातच आहे. लोकर, पिसे, कापूस अशा पदार्थांत उष्णतामापक गुंडाळून तो निवण्यास किती वेळ लागतो, हे रमफर्डने मोजून पाहिले होते. या पदार्थांच्या तंतूंत अडकून पडलेली हवा उष्णतेला अडवून धरते, असे त्याला आढळले. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून आजीने शिवलेली गोधडी म्हणजे थरांमध्ये हवा कोंडून ठेवण्याची युक्तीच होय. गोधडी ऊब देत नाही; आजीच्या अंगची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही.

रमफर्डच्या बारीक नजरेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सफरचंदाचा गर घालून केलेला एक गोड पदार्थ खाताना त्याची जीभ पोळे. बाकीचे अन्न निवून गेले तरी हा पदार्थ आतून कढत कसा राहतो, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. पुढे एकदा मद्यार्काने भरलेला एक मोठा उष्णतामापक त्याने निवण्यासाठी खिडकीत ठेवला होता. त्यावर ऊन पडताच आतील धुळीचे कण चमकू लागले. काही कण नळीच्या मधून वेगाने वर चढत होते, तर काही कडेकडेने खाली उतरत होते. रमफर्डला उलगडा झाला! द्रव पदार्थ तापला की हलका होऊन वर जातो. थंड व जड भाग खाली येतो. द्रव स्वतःच उष्णता घेऊन प्रवास करतो. सफरचंदाच्या गरातील तंतूंमुळे आतील पाण्याला असे फिरता येत नव्हते, म्हणून तो गर लवकर निवत नव्हता. आपल्याकडे वरण लवकर निवते; परंतु दाट पिठले घाईने खाणाऱ्याची जीभ पोळते, त्याचेही कारण हेच.

उष्णतेची ही दुसरी वाट म्हणजे अभिसरण. वहनात कण आपली जागा सोडीत नाहीत. अभिसरणात ते उष्णता पाठीवर घेऊन स्वतःच चालू लागतात. म्हणून अभिसरण घन पदार्थांत होत नाही. ते पाण्यासारख्या प्रवाही पदार्थांत आणि हवेत होते. कोकणच्या किनाऱ्यावर याचा भव्य देखावा रोज घडतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा तापून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्राकडून गार वारा येतो; तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो; तो मतलई वारा. यंत्राच्या होड्या येण्यापूर्वी कोळी बांधव पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. अभिसरण हा शब्द त्यांना ठाऊक नसेल. पण त्याची वेळ आणि दिशा त्यांना अचूक ठाऊक होती.

उष्णतेच्या पहिल्या वाटेच्या ज्ञानाने माणसांचे प्राण कसे वाचले, ती हकीकत मोठी हृद्य आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात न्यूकॅसलच्या आसपास दगडी कोळशाच्या खोल खाणी होत्या. त्यांत लहानथोर सारेच कामाला जात. खाणीत मिट्ट काळोख. दिव्याशिवाय हातभर पुढचे दिसावयाचे नाही. परंतु कोळशाच्या फटींतून एक ज्वालाग्राही वायू पाझरत असतो. आज त्याला मिथेन म्हणतात. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की दिव्याच्या एवढ्याशा ज्योतीने त्याचा स्फोट होतो. दिवा न न्यावा तर काम होत नाही आणि न्यावा तर मरण ओढवते, असा तो पेच होता. काही ठिकाणी एखादा मुलगा पोलादाचे चाक गारगोटीवर फिरवी आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात खाणकरी कुदळ चालवीत. पण त्या ठिणग्यांनीही कधीकधी घात होई.

२५ मे १८१२ या दिवशी फेलिंग येथील खाणीत असाच भीषण स्फोट झाला. त्यात ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दहा-बारा वर्षांची मुलेही होती; आजच्या दिवसांत जी मुले शाळेच्या बाकावर बसली असती, ती त्या दिवशी जमिनीच्या पोटात काम करीत होती. त्या गावच्या जॉन हॉजसन नावाच्या धर्मोपदेशकावर त्यांच्या अंत्यविधीचे काम आले. त्याने या दुर्घटनेची हकीकत छापून प्रसिद्ध केली आणि खाणकऱ्यांच्या जिवाचा प्रश्न देशापुढे मांडला. अखेर १८१५ साली हा प्रश्न रॉयल इन्स्टिट्यूशनमधील विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे आला.

डेव्ही यांनी प्रथम स्वतः त्या भागात जाऊन खाणींची माहिती घेतली. मग खाणीतील वायूचे नमुने बाटल्यांत भरून लंडनला मागवले आणि प्रयोग सुरू केले. मायकेल फॅरडे हा तरुण त्यांचा मदतनीस होता. पुढे तो स्वतः जगविख्यात शास्त्रज्ञ झाला. प्रयोगांत डेव्हींना एक गोष्ट आढळली. वायूचा भडका धातूच्या अरुंद नळीतून पलीकडे जात नाही. असे का व्हावे? वायू पेट घेण्यासाठी तो एका ठरावीक मर्यादेपर्यंत तापावा लागतो. अरुंद नळीतून जाताना त्याची उष्णता धातू शोषून घेतो. वायू त्या मर्यादेच्या खाली निवतो आणि ज्योत विझते. मग डेव्हींच्या मनात आले, की लांब नळीची तरी गरज काय? तारेची बारीक जाळी म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या असंख्य आखूड नळ्याच नव्हेत काय?

त्यांनी तेलाच्या दिव्याभोवती तारेच्या बारीक जाळीचे नळकांडे बसवले. एका चौरस इंचात सातशेहून अधिक छिद्रे असतील इतकी ती जाळी दाट होती. छिद्रांतून हवा आत जाई, उजेड बाहेर येई; परंतु ज्योत मात्र बाहेर येत नसे. खाणीतील वायू जाळीच्या आत शिरून पेटला, तरी त्याची उष्णता तारांतून वहनाने चहूकडे पसरे आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नसे. इतकेच नव्हे, तर वायू वाढला की ज्योत लांब होई आणि तिच्याभोवती निळसर प्रभा दिसू लागे; म्हणजे जो दिवा पूर्वी स्फोट घडवीत होता, तोच आता धोक्याची सूचना देऊ लागला. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न येथील खाणीत या दिव्याची परीक्षा झाली आणि तो कसोटीस उतरला.

या दिव्याचा हक्क राखून ठेवला असता तर डेव्हींना अमाप पैसा मिळाला असता. मित्रांनी तसे सुचवलेही. परंतु त्यांनी तो हक्क घेतला नाही. आपले संशोधन त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना पदक देऊन गौरवले. त्या पदकाचे नाव होते रमफर्ड पदक!

येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच सुमारास त्याच भागातील जॉर्ज स्टीफन्सन या कल्पक कारागिरानेही स्वतंत्रपणे असाच सुरक्षित दिवा तयार केला होता आणि पहिला मान कोणाचा, यावरून मोठा वाद झाला. शिवाय दिवा आला म्हणजे संकट टळले, असेही झाले नाही. दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या धोक्याच्या खाणीही उघडल्या. जाळी गंजली, फाटली किंवा तिच्यावर वाऱ्याचा जोराचा झोत आला, तर ज्योत बाहेर पडे. विज्ञान साधन देते. ते साधन सांभाळणे आणि माणसाच्या जिवाची किंमत ओळखणे हे माणसाकडेच राहते.

आता राहिला सूर्याचा प्रश्न. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये धक्का देण्यास कण नाहीत, म्हणून वहन नाही. वाहून नेण्यास हवा नाही, म्हणून अभिसरण नाही. तरीही ऊन पृथ्वीवर येते, आणि तेही सुमारे आठ मिनिटांत. उष्णतेची ही तिसरी वाट म्हणजे प्रारण. तिला माध्यम लागतच नाही. प्रकाशाप्रमाणे, प्रकाशाच्याच वेगाने, उष्णतेची किरणे पोकळीतून धावतात. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेला पाराही वर चढलेला पाहून त्याला नवल वाटले. डोळ्यांना न दिसणारी ही किरणे म्हणजे अवरक्त किरणे होत. शेकोटीपासून चार हात दूर बसलेल्याच्या तोंडाला जी धग लागते, ती मुख्यतः या किरणांचीच.

प्रत्येक वस्तू अशी किरणे बाहेर टाकीत असते, आपली पृथ्वीदेखील. दिवसा मिळालेली उष्णता ती रात्री आकाशात सोडते. मग रात्री ती गोठून का जात नाही? या प्रश्नाचे उत्तर रॉयल इन्स्टिट्यूशनमधील जॉन टिंडल याने १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत मिळाले. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू या किरणांना जवळजवळ अडवीत नाहीत; परंतु पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यांना शोषून घेतात, असे त्याने दाखवले. त्यापूर्वी, १८५६ साली, अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने उन्हात ठेवलेल्या नळ्यांच्या साहाय्याने हे दोन्ही पदार्थ साध्या हवेपेक्षा अधिक तापतात असे दाखवून दिले होते. म्हणजे वातावरण ही पृथ्वीने पांघरलेली एक गोधडीच आहे. ढगाळ रात्र उबदार असते. निरभ्र, कोरडी रात्र कडाक्याच्या थंडीची असते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या द्राक्षबागायतदारांना अशा रात्रींचा चांगलाच अनुभव आहे. आकाश स्वच्छ होऊन पारा उतरला की द्राक्षवेली वाचवण्यासाठी ते बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागवतात. याच्या उलट, कोळसा व तेल जाळून माणसाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढवला आहे. ही गोधडी जाड होत चालली असून पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हा आजच्या जगापुढील एक गंभीर प्रश्न आहे.

उष्णतेच्या तीन वाटा ठाऊक झाल्या. त्या तिन्ही एकदम बंद करता येतील काय? असा प्रश्न सर जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञापुढे उभा राहिला, तोही त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. ऑक्सिजन वायू अतिशय थंड करून ड्यूअर त्याचा द्रव बनवीत. हा द्रव शून्याखाली १८३ अंश सेल्सियसला उकळतो. साध्या भांड्यात तो ओतला की भोवतालच्या उष्णतेने भराभर उकळून उडून जाई. तेव्हा १८९२ साली ड्यूअरने काचेची दुहेरी भिंतीची बाटली करवून घेतली आणि दोन्ही भिंतींमधील हवा काढून घेतली. पोकळीत धक्का देण्यास कण नाहीत, म्हणून वहनाची वाट बंद. वाहून नेण्यास हवा नाही, म्हणून अभिसरणाची वाट बंद. प्रारणाला पोकळी अडवीत नाही, म्हणून काचेला आरशासारखा रुपेरी मुलामा दिला. किरणे त्यावर आपटून परत फिरू लागली. उरली ती बाटलीच्या तोंडाशी असलेली चिंचोळी वाट. तेथे बूच बसवले. १८९८ साली ड्यूअरने शून्याखाली २५३ अंश इतका थंड असलेला द्रवरूप हायड्रोजन तयार केला, त्या कामी ही बाटली फार उपयोगी पडली.

जी बाटली आत येणारी उष्णता अडवते, ती बाहेर जाणारी उष्णताही अडवते. ही गोष्ट हेरून जर्मनीत १९०४ पासून ती ‘थर्मॉस’ या नावाने बाजारात येऊ लागली. ड्यूअरनेही डेव्हींप्रमाणे आपल्या शोधाचा हक्क नोंदवलेला नव्हता. आज प्रवासाला निघालेल्या माणसाचा चहा आणि दवाखान्यातील रुग्णाचे दूध या बाटलीत तासन्‌तास गरम राहते.

परंतु उष्णतेच्या वाटा अडवण्याचे सर्वांत मोलाचे काम याहून साध्या पेटीत चालते. लहान मुलांना देण्याच्या अनेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस एवढ्याच तापमानात टिकतात. अधिक उष्णता लागली तर त्यांचा गुण जातो. काही लसी गोठल्या तरीही निकामी होतात. कारखान्यातून निघालेली लस शीतगृहात, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी, पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शेवटी पाड्यावरील मुलाच्या ओठांपर्यंत जायची असते. या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे परिचारिकेच्या खांद्याला अडकवलेली जाड भिंतीची पेटी. तिच्या भिंतींत सच्छिद्र फेस भरलेला असतो आणि त्याच्या लक्षावधी बारीक पोकळ्यांत वायू कोंडलेला असतो. आजीच्या गोधडीचेच हे नवे रूप! वायू कोंडलेला असल्यामुळे त्याला फिरता येत नाही आणि तो दुर्वाहक असल्यामुळे उष्णतेला वाटही देत नाही. आत बर्फाच्या थैल्या ठेवलेल्या असतात. जी थोडी उष्णता शिरते, ती बर्फ वितळवण्यात खर्च होते आणि लस सुरक्षित राहते.

वैशाखातील उन्हात ही पेटी घेऊन डोंगर चढणारी परिचारिका म्हणजे एका दृष्टीने उष्णतेशी चाललेली झुंजच होय. ही झुंज देशभर लाखो कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे दिली. भारतात रानटी विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. एके काळी जी मुले जन्मभर पांगळी झाली असती, ती आज धावत शाळेत येतात. लसीच्या दोन थेंबांचे हे श्रेय खरेच. पण ते थेंब थंड ठेवणाऱ्या पेटीला आणि ती वाहणाऱ्या हातांनाही त्यात वाटा आहे.

चूल, गोधडी आणि ऊन हे सर्वांच्याच घरी असते. उष्णता कोणाला दिसत नाही. पण तिच्या वाटा शोधता येतात, उघडता येतात आणि अडवताही येतात. म्हणून चटका बसला असता हात मागे घ्यावा, हे तर खरेच. परंतु मनाने मात्र तेथेच क्षणभर थांबावे आणि विचारावे, ‘असे का?’

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) तोफेला भोक पाडण्याच्या प्रयोगावरून रमफर्डने कोणता निष्कर्ष काढला?
(आ) डेव्हीच्या दिव्यातील ज्योत जाळीबाहेर का येत नसे?
(इ) ‘विज्ञान साधन देते, ते साधन सांभाळणे माणसाकडेच राहते’ असे लेखात कोणत्या संदर्भात म्हटले आहे?

२. कारणे द्या.
(अ) दाट पिठले वरणापेक्षा उशिरा निवते.
(आ) निरभ्र रात्री अधिक थंडी पडते.
(इ) थर्मॉसच्या काचेला रुपेरी मुलामा देतात.

३. खारा वारा आणि मतलई वारा यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या घरातील अशा पाच वस्तूंची यादी करा, की ज्या उष्णतेची वाट अडवण्यासाठी वापरल्या जातात. प्रत्येक वस्तू कोणती वाट अडवते ते लिहा.